निळा म्हातारा, तपकिरी गिटार

पिकासोचा ‘म्हातारा गिटारवादक’ मुलांना दाखविला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “गुरुजी, हा माणूस निळा का?” जाणत्यांचे उत्तरही ठरलेले : निळा रंग दुःखाचा. उत्तर खोटे नाही. १९०१ साली कासाजेमास या जिवलग मित्राने आत्महत्या केली आणि पुढे काही वर्षे पिकासोच्या चित्रांवर निळे सावट राहिले. हे चित्र १९०३-०४ मधले, बार्सिलोनातले. चित्रकार तेव्हा अवघा २२-२३ वर्षांचा. परंतु एवढ्यावर समाधान मानले, तर चित्र पाहायचेच राहून जाते.

आधी आकृती पाहा. आंधळा म्हातारा मांडी घालून बसला आहे. अंग नको तितके लांबविलेले, सांधे टोकदार, मान मोडल्यासारखी वाकलेली. शरीरशास्त्राच्या हिशेबाने हा देह चुकलेला. पण उपाशी माणसाला आपली हाडे जशी जाणवत असतील, तसाच तो आहे.

आता रंग. कातडी निळी, फाटके कपडे निळे, मागची भिंतही निळीच. त्यात एक गिटार तेवढी तपकिरी. भोवती एवढा गारठा, की ते लाकूडच उबदार वाटू लागते. शेकोटीशी बसावे तसा म्हातारा तिच्याशी बसला आहे. आपण पणत्या अमावास्येला लावतो, त्यातलेच हे.

कादंबरी लिहिणाऱ्याने येथे थोडे थांबावे. गरीब पात्र आले की आम्हां लेखकांना ‘बिचारा’ हा शब्द हाताशीच सापडतो. वाचकाचे डोळे ओलावतात, मात्र माणूस तेथेच संपतो. पिकासोने या म्हाताऱ्यापुढे भिकेचे भांडे ठेवलेले नाही. त्याचे हात कोणापुढे पसरलेले नाहीत. ते वाजविण्यात गुंतले आहेत. आपण पाहतो आहोत हे त्याच्या गावीही नाही. मग दया करायची कोणावर?

सुमारे ४ फूट उंचीचे हे मूळ चित्र १९२६ पासून शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आपल्याला बहुधा छापील प्रतच मिळणार, तीही पुरते. मुलांना दाखवाल तेव्हा ‘हा दुःखी आहे’ असे आधी सांगू नका. याची बोटे काय करीत आहेत, एवढे विचारा.