माईंचे पाय कुणी चेपले?

'द डिसायपल' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्यातल्या गाण्याकडे कान लावून बसले होते. दुसऱ्यांदा पाहिला तो फक्त तेलासाठी. शरद नेरुळकर आपल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या अंगाला तेल चोळतो, त्यांना अंघोळ घालतो, डॉक्टरकडे नेतो, औषधपाण्याचं बघतो. चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा अशा वेळी लांब उभा राहतो आणि घाई करत नाही. सैल पडलेली कातडी, दुखणारं अंग, उठताना लागणारा वेळ, सगळं दिसतं. आपल्या सिनेमात तरुण पुरुष म्हाताऱ्या पुरुषाची अशी सेवा करताना किती वेळा दिसतो? मला तरी पटकन दुसरं उदाहरण सुचलं नाही.

मागच्या भागात आपण संगीत आणि वय यावर बोललो, तेव्हा हा मुद्दा निघाला आणि वेळ संपली. एकीने विचारलं होतं, "पण माईंचं काय?" तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तो प्रश्न नंतर डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शरद मुंबईत आजीबरोबर राहतो आणि शास्त्रीय गाणं शिकतो. त्याचे गुरू विनायक प्रधान. प्रधानांच्या गुरू म्हणजे माई, एक दंतकथा झालेली गायिका. तिच्या गाण्याचं रेकॉर्डिंग नाही, आहेत त्या फक्त तिच्या व्याख्यानांच्या टेप. शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून बाइक चालवतो आणि कानात माई बोलत असतात: साधना, एकटेपणा, मनाची शुद्धी, पैसा आणि कीर्ती यांचा मोह. वर्षं जातात, शरदचं पोट सुटतं, मिशी येते, आणि आपण मोठे गायक होणार नाही हे त्याला हळूहळू कळत जातं. २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत हा सिनेमा होता आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. त्याआधी त्या स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचला होता तो थेट २००१ मध्ये, 'मॉन्सून वेडिंग'.

आता या सिनेमातली शरीरं बघा. गुरुजींना शरीर आहे, ते थकतंय. शरदला शरीर आहे, ते त्याला छळतं. माई टेपवर संयम सांगतात आणि हा रात्री कॉम्प्युटरवर पॉर्न बघत बसतो. टीव्हीच्या स्पर्धेत गाणारी शाश्वती नावाची मुलगी आहे. तिचं शरीर तर आपल्या डोळ्यांदेखत बदलतं: साधी, बुजरी पोरगी एपिसोडमागून एपिसोड चकाचक होत जाते. माईंना मात्र शरीरच नाही. त्या फक्त आवाज आहेत. त्यांना गुडघेदुखी नाही, घरभाडं नाही, त्या कुणाच्या आई नाहीत, कुणाकडून पैसे यायचे राहिलेत असंही नाही. पुरुष कलावंताचं म्हातारपण दोन तासांच्या सिनेमात तपशीलवार दाखवलंय आणि त्याच घराण्यातली सर्वांत मोठी बाई म्हातारी झाली की नाही हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

यावर एक सरळ उत्तर आहे, आणि ते खोटं नाही. माई शरदच्या डोक्यातल्या आहेत. त्याला त्या तशाच हव्यात. सिनेमाला हे माहीत आहे, म्हणून तर रेकॉर्ड गोळा करणाऱ्या राजन जोशींचं दृश्य आहे. हा गृहस्थ मोठमोठ्या कलावंतांबद्दल आणि माईंबद्दलही न ऐकवणाऱ्या गोष्टी थंडपणे सांगतो आणि शरद पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो. सिनेमातलं हे सर्वांत चांगलं दृश्य, असं मी कुणाशीही भांडून सांगेन. पण माईंची मूर्ती मोडायला इथे जे हत्यार वापरलंय ते म्हणजे गॉसिप. म्हणजे बाई एकतर देवी, नाहीतर तिच्याबद्दल कुजबुज. मधली जागा, जिथे ती काम करणारी, दमणारी, हिशेब मागणारी बाई असते, ती सिनेमात रिकामीच राहते.

आणि या मधल्या जागेचा इतिहास आपल्याकडे भरपूर आहे. प्रधानांची भूमिका करणारे अरुण द्रविड हे स्वतः मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर या मायलेकींकडे शिकलेले गायक. म्हणजे पडद्यावर माईंचा शिष्य आणि पडद्याबाहेर दोन खऱ्या 'माईं'चा शिष्य. मोगूबाई १९०४ साली गोव्यात कुर्डी गावात जन्मल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. ज्या समाजातून त्या आल्या, तिथल्या गाणाऱ्या बायकांना मैफलीत दाद मिळायची, पण घरी बोलावताना लोकांच्या कपाळावर आठ्या यायच्या. किशोरीताई आईच्या मागे तंबोऱ्यावर बसायच्या. आयोजक आईला कसं वागवतात, प्रवासाची, राहण्याची काय सोय करतात, बिदागी देताना कसा हात आखडतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं आणि पुढे मुलाखतींत उघडपणे सांगितलं. स्वतः गायला लागल्यावर त्यांनी मानाच्या बाबतीत तडजोड केली नाही. त्याचं बक्षीस काय? 'लहरी', 'फटकळ', 'भलत्याच कडक'. त्या ३ एप्रिल २०१७ ला गेल्या तेव्हाच्या मृत्युलेखांतसुद्धा हे शब्द चुकले नाहीत. पुरुष गवयाने मैफल अर्ध्यावर सोडली तर तो मनस्वी असतो, बरं का.

माझं म्हणणं असं की माईंच्या टेपमध्ये हा भाग यायला हवा होता. पैशाचा मोह टाळा असं सांगणारी बाई ठीक आहे, पण ज्या बाईच्या आईला लोकांनी तिसऱ्या वर्गाने प्रवास करायला लावला ती पैशाबद्दल आणखीही काही बोलली असती. तिने आधी गाडी पाठवा म्हटलं असतं. माईंचा वैराग्याचा उपदेश शरदला पेलत नाही, कारण तो कमी पडतो, असं सिनेमा सुचवतो. तो उपदेश मुळात अर्धाच होता ही शक्यता मात्र सिनेमा तपासत नाही.

आता एक गोष्ट, जी मला खूप उशिरा लक्षात आली. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. त्याच सुमित्रा भावे, ज्यांनी सुनील सुकथनकरांबरोबर 'अस्तु' केला. म्हणजे मराठीत म्हातारपणाकडे सर्वांत नीट पाहिलेला सिनेमा ज्या बाईने लिहिला, तिचाच आवाज इथे वय नसलेल्या बाईला दिलाय. 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला ३० एप्रिल २०२१ ला. सुमित्राताई त्याच्या अकरा दिवस आधी, १९ एप्रिलला, गेल्या होत्या. आपण बहुतेकांनी माईंचा आवाज ऐकला तो गेलेल्या बाईचाच आवाज म्हणून, आपल्याला ते ठाऊक असो नसो.

'अस्तु' २०१३चा. चक्रपाणि शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित, स्मृतिभ्रंशाने सगळं विसरत चाललेत. मोहन आगाशे, जे पेशाने मानसोपचारतज्ज्ञ आहेत, ते ही भूमिका करतात आणि त्यात कुठेही 'बघा मी कसा आजारी' असं होत नाही. मुलगी इरा एका कामासाठी त्यांना गाडीत बसवून जाते, रस्त्यावरून हत्ती जातो, आणि हे लहान पोरासारखे त्याच्या मागे निघतात. पुढचा सिनेमा म्हणजे इराची शोधाशोध, आणि माहुताच्या कुटुंबात शास्त्र्यांचा दिवस. माहुताची बायको चन्नम्मा कन्नड बोलते. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी सुमित्राताईंना.

इथे काळजी घेणं म्हणजे काय ते कळतं. इराची चिडचिड, अपराधीपणा, नवऱ्याशी आणि बहिणीशी होणारी बोलणी, वडिलांवरचं प्रेम आणि त्यांचा कंटाळा एकाच वाक्यात येणं. 'द डिसायपल'मधल्या सेवेला परंपरेचं वलय आहे. गुरूचं अंग चेपणं हा शिक्षणाचाच भाग, त्यातून काहीतरी मिळणार अशी आशा असते. इराला काहीही मिळणार नाही. ती जे करते त्याला सेवा म्हणून कुणी नमस्कार करत नाही, कारण मुलीने ते करायचंच असतं. शरदने केलं की गुरुभक्ती, इराने केलं की रोजचं काम. दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले तर हा फरक अंगावर येतो. जमलं तर आधी 'द डिसायपल' आणि मग 'अस्तु' असं पाहा, उलट नको.

पण 'अस्तु'शीही माझं एक भांडण आहे. चन्नम्मा. शास्त्र्यांना तिच्यात आई दिसते, आणि सिनेमालाही. गरीब, शाळा न शिकलेली, परभाषेची बाई एका अनोळखी म्हाताऱ्याला पोटच्या पोरासारखं सांभाळते, कारण तिला ते आतूनच येतं. संस्कृतच्या सगळ्या पंडितीला जे जमलं नाही ते हिला सहज जमतं. हे बघताना डोळे भरून येतात, माझेही आले, आणि मग जरा शंका येते. ज्या बायकांकडून आपण हे काम करून घेतो त्यांना ते 'आतूनच येतं' असं मानणं आपल्या फार सोयीचं आहे. सुमित्राताई समाजशास्त्रातून, बायकांच्या आयुष्यावरच्या संशोधनातून सिनेमात आल्या. १९८५चा त्यांचा पहिला लघुपट 'बाई' वस्तीतल्या बाईबद्दलच आहे. त्यांना हे कळत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. तरी चन्नम्माचा दिवस तिच्या बाजूने कसा गेला, तिची स्वतःची कामं कुठे राहिली, हे मला आणखी हवं होतं.

आपल्या बाबतीत चन्नम्मा म्हणजे ब्यूरोच्या मावशी. लीड्समध्ये किंवा न्यू जर्सीत बसून आपण पुण्या-नाशकात फोन लावतो आणि पहिला प्रश्न असतो, "मावशी आल्या का आज?" पैसे अ‍ॅपवरून जातात. व्हिडिओ कॉलवर आई-बाबा दिसतात, आजी दिसते, मावशी दिसतात त्या फक्त फोन धरणाऱ्या हातापुरत्या. त्यांनाही आपण माईंसारखंच शरीर नसलेलं करून टाकलंय, फक्त वरच्या नाही, खालच्या टोकाला. माझ्या आजीकडे चार वर्षं एकच मावशी होत्या. आजीला उचलून उचलून त्यांची कंबर गेली होती, हे मला आजीच्या तेराव्याला कळलं. त्यांचं आडनावही तेव्हाच कळलं, कारण चेकवर लिहायचं होतं.

तर माईंचे पाय कुणी चेपले? प्रधानांनी, बहुतेक. तरुणपणी ते माईंकडे शिकले म्हणजे त्यांनीही शरदसारखंच तेल लावलं असेल, की बाई गुरू म्हणून ते काम घरातल्या दुसऱ्या कुणा बाईकडे गेलं असेल? शरदबरोबर शिकणारी स्नेहा आहे, तीही गुरुजींचं गाणं घेते. तेलाच्या वाटीजवळ मात्र शरदच असतो. स्त्री-पुरुष, गुरू-शिष्य, वय आणि स्पर्श यांचे कितीतरी अलिखित नियम त्या खोलीत असणार, आणि आपल्या संगीतावरच्या लिखाणात त्याबद्दल फारच कमी आहे. आठवणींची पुस्तकं तालमीबद्दल बोलतात, भांड्यांबद्दल नाही.

यावेळी मी सिनेमा हेडफोन लावून पाहिला, माईंच्या टेपांसाठी. बोलतात त्या गोष्टी वय नसलेल्या बाईच्या आहेत. पण आवाज पंचाहत्तरीच्या आसपासच्या बाईचा आहे, आणि तो लपत नाही.