झेद्वाँचा क्विंटिलियन

एका मास्तराने मास्तरकीविषयी लिहिलेला ग्रंथ दिवाणखान्यात बसून वाचण्याजोगा करायचा तर त्याचे काय करावे लागते, याचा एक नमुना १७१८ साली पॅरिसमध्ये छापला गेला. रोमन अध्यापक क्विंटिलियन याच्या वक्तृत्वशिक्षणावरील बारा भागांच्या ग्रंथाचे हे फ्रेंच भाषांतर. भाषांतरकार आबे निकोला झेद्वाँ. काही वर्षे जेझुइट पंथात काढून तेथून बाहेर पडलेला हा गृहस्थ विद्वानांत ऊठबस असलेला होता, आणि पुस्तक निघाल्यावर वर्षभरात तो फ्रेंच अकादमीत जाऊन बसला. अशा जुन्या पानांची छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतात. शब्दकोश शेजारी ठेवून आणि बटलरच्या इंग्रजी भाषांतराचा आधार घेऊन मी ती वाचली. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाने हौसेने मिळवलेल्या फ्रेंचवर जेवढे बोलता येईल तेवढेच येथे बोलतो.

क्विंटिलियन मूळचा स्पेनातला. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सरकारी खजिन्यातून वर्षाला एक लाख सेस्टर्स वेतन बांधून दिले. वीस वर्षे शिकवून तो निवृत्त झाला आणि मग इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस हा ग्रंथ लिहायला बसला. वक्ता घडवायचा तर सुरुवात पाळण्यापासून करावी, असे त्याचे मत. मुलाला खेळायला हस्तिदंती अक्षरे द्यावीत, छडी मारू नये, अरुंद तोंडाच्या भांड्यात पाणी थोडेथोडे ओतावे तसे शिकवावे, हे सारे त्यात आहे. पण त्याचबरोबर अक्षरांचे उच्चार, शब्दांची रूपे, वादाचे मुद्दे, अलंकारांचे प्रकार आणि उपप्रकार यांचीही पानेच्या पाने आहेत. ती रूक्ष आहेत, यात शंका नाही.

झेद्वाँने यातला जो तांत्रिक भाग आपल्या वाचकाच्या उपयोगाचा नाही असे ठरवले, तो गाळून टाकला. याचे समर्थन करता येत नाही असे नाही. लॅटिन उच्चारांतल्या खाचाखोचा घेऊन फ्रेंच वाचकाने करायचे काय? शिवाय काळही तसाच होता. ‘सुंदर पण बेइमान’ ही भाषांतराविषयीची प्रसिद्ध फ्रेंच कोटी आधीच्या शतकातच रूढ झाली होती. झेद्वाँची वाक्ये त्या परंपरेला शोभणारी, सहज बोलल्यासारखी आहेत. १६६३ मध्ये आबे द प्यूरने केलेले भाषांतर मागे पडले, आणि झेद्वाँचे पुढे पुन्हापुन्हा छापले गेले.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती कादंबरीकाराची तक्रार आहे. सहाव्या भागाच्या आरंभी क्विंटिलियन एकाएकी आपल्या घरची हकीकत सांगतो. एकोणीस वर्षेही पुरी न झालेली पत्नी गेली. पाचेक वर्षांचा धाकटा मुलगा गेला. आणि आता नऊ-दहा वर्षांचा थोरला, ज्याच्या हाती हा ग्रंथ वारसा म्हणून द्यायचा होता, तोही गेला. शेवटच्या वाताच्या भरात त्या पोराचे मन शाळा आणि अक्षरे यांच्याभोवतीच घोटाळत होते, असे बाप लिहितो. मग दुःख आवरून तो पुढच्या प्रकरणाकडे वळतो. आणि ते प्रकरण कसले? भाषणाचा समारोप कसा करावा, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी कसे आणावे, त्यांना हसवावे कसे!

ही प्रस्तावना झेद्वाँच्या गद्यात फार चांगली उतरली आहे. पण तिचे वजन तिच्या एकटीचे नाही. पहिल्या भागात ज्या अक्षरांवर तो नीरस पाने खर्च करतो, तीच अक्षरे त्या मरणाऱ्या मुलाच्या तोंडी आहेत. मागची रूक्ष पाने वाचून थकलेल्या वाचकालाच कळते, की हा माणूस पुन्हा कशाकडे परत जातो आहे. पाने पातळ केली की ते परत जाणेही हलके होते. वर्गात दहा मिनिटे रंगतात आणि उरलेला तास रूपे घोटण्यात जातो. तो तास काढून टाकलेल्या शाळेला शाळा कोण म्हणेल?

आपल्याकडे आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. तेथे नावच बदलले. वाचकाला दारातच कळते की हे घर दुसरे आहे. झेद्वाँने पाटी क्विंटिलियनचीच ठेवली.

त्यातून या ग्रंथाचा इतिहास पाहिला म्हणजे अधिकच वाईट वाटते. मध्ययुगात तो बहुधा तुटक्या स्वरूपातच ठाऊक होता. पेट्रार्कने १३५० मध्ये आपल्या हाती आलेल्या फाटक्या प्रतीबद्दल खुद्द क्विंटिलियनला उद्देशून पत्र लिहून हळहळ व्यक्त केली. अखेर १४१६ साली पोज्जो ब्राच्चोलिनीला सेंट गॉलच्या मठात धूळ खात पडलेली संपूर्ण प्रत सापडली. काळाने फाडलेले पुस्तक असे सांधले गेले, आणि तीनशे वर्षांनी एका रसिकाने पुन्हा कात्री हाती घेतली!

फ्रेंचांनाही ते पुढे जाणवले असावे. क्लोद कापेरोनिए याने १७२५ मध्ये क्विंटिलियनची लॅटिन संहिता छापली होती. त्याच्याच हस्तलिखित टिपणाच्या आधारे झेद्वाँच्या नंतरच्या आवृत्तीत गाळलेले उतारे भरून काढण्यात आले. ज्याला फ्रेंच येते त्याने ती आवृत्ती मिळवावी, आणि भरून काढलेल्या उताऱ्यांपासूनच सुरुवात करावी.