'मरुत्सखा' विमानाची वार्ता : पुराव्याचें परीक्षण

शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं मुंबईस चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें विमान उडविलें, तें मनुष्यावांचून सुमारें १५०० फूट उंच गेलें, आणि श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड व न्यायमूर्ति रानडे यांनीं तो प्रयोग समक्ष पाहिला, अशी वार्ता महाराष्ट्रांत पुष्कळ वर्षें प्रचलित आहे. २०१५ सालीं मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, त्याच वर्षीं तळपदे यांच्यावरून 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि वार्तेस नवें बळ मिळालें. ऐतिहासिक साधनांस जी कसोटी आपण नित्य लावितों, तीच या वार्तेस लावणें अवश्य आहे.

नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतील लेख आपण ग्राह्य मानितों तो कां? यात्रेकरू आला त्याच वेळीं तो लिहिला गेला, बहुधा त्याच्याच हातचा असतो, व मागल्या पिढ्यांच्या नांवांशीं ताडून पाहतां येतो. चौपाटीच्या प्रयोगाच्या बाजूस यांपैकीं काय आहे? 'केसरी'चा हवाला वारंवार दिला जातो. परंतु अंकाची तारीख व मूळ मजकूर हवाला देणारे पुढें ठेवीत नाहींत. महाराज व न्यायमूर्ति हे साक्षीदार थोर खरे. पण त्यांच्या स्वतःच्या लेखणींतून उतरलेली साक्ष कोणी उद्धृत करीत नाहीं. उंची कशी मोजली, यंत्राचें वजन किती, या प्रश्नांच्या जागीं पारा आणि सूर्यकिरण एवढेंच उत्तर मिळतें.

समकालीन उदाहरण पाहावें. अमेरिकेंत लँग्ले यांचें वाफेवर चालणारें मनुष्यरहित विमान ६ मे १८९६ रोजीं पोटोमॅक नदीवर सुमारें ३३०० फूट अंतर उडालें. ग्रॅहॅम बेल तेथें हजर होते. त्यांनीं छायाचित्र घेतलें व लेखी साक्ष दिली. तें विमानहि जतन केलेलें आहे. पुरावा म्हणतात तो असा.

दुसरा आधार 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा सांगतात. भरद्वाजांच्या नांवावर असलेला हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या अवधींत तोंडानें सांगितला व वेंकटाचल शर्मा यांनीं उतरून घेतला. आकृति बंगळूरच्या एल्लप्पा यांनीं काढिल्या. म्हणजे प्राचीन पोथी पुढें ठेवून केलेली ही नक्कल नव्हे. १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं तो तपासला. भाषा अर्वाचीन, रचना विसाव्या शतकाच्या आरंभींची, आणि शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर यांपैकीं एकहि विमान वर्णिल्याप्रमाणें उडण्याजोगें नाहीं, असा त्यांचा निर्णय झाला. ग्रंथ उतरून घेण्यास आरंभ होण्यापूर्वींच तळपदे निवर्तले होते. तेव्हां १८९५ सालचें यंत्र या ग्रंथावरून झालें, हें म्हणणें कालक्रमासच धरून नाहीं. उलट तळपदे यांनीं शास्त्र्यांच्या मार्गदर्शनाखालीं नमुने केले, पण एकहि उडाला नाहीं, असें खुद्द शास्त्र्यांच्या वृत्तांतावरून समजतें. आपल्याच बाजूच्या साक्षीदारानें दिलेली अशी प्रतिकूल साक्ष विशेष वजनाची होय.

यावरून चौपाटीवर कांहींच झालें नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. झालें असें म्हणण्यास लागणारा कागद आपल्यापुढें नाहीं, इतकेंच म्हणतों. या अद्भुताच्या पायीं खरी हानि होते ती तळपद्यांचीच. नाशिकजवळ ओझरास १९६४ सालीं विमानांचा कारखाना निघाला. त्याच्या सुमारें सत्तर वर्षें आधीं ज्याच्या नांवावर हा उद्योग सांगितला जातो, त्या मुंबईच्या कलाशाळेशीं संबंध असलेल्या गृहस्थानें प्रत्यक्षांत काय काय जुळवून पाहिलें, हें जाणून घेण्याजोगें आहे. परंतु १५०० फुटांच्या घोषांत तें विचारण्याची कोणास गरजच वाटत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, तळपदे यांचें 'प्राचीन विमानकलेचा शोध' हें पुस्तक, पाठारे प्रभु घराण्यांतील पत्रें, आराखडे, सामान खरेदीचे हिशेब, यांपैकीं जें हातीं येईल तें तारखेसह प्रसिद्ध करावें. बांबूच्या व कापडाच्या किंमतीचा एक अस्सल कागद या सर्व आख्यायिकेहून अधिक मोलाचा ठरेल. मग त्यावरून विमान उडालेलें दिसो वा न दिसो.