पत्ता, पायरी आणि असंतोष : ‘कमला’ नाटकातील सरिता

१

दिल्ली या शहराचे एक वैशिष्ट्य असे की तेथे राहण्याचा पत्ता हाच माणसाच्या दर्जाचा दाखला ठरतो. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी दक्षिण दिल्लीत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी सरोजिनी नगर ही एक. पूर्वी हा भाग विनय नगर या नावाने ओळखला जात असे. तेथील निवासस्थाने कर्मचाऱ्याच्या वेतनश्रेणीनुसार दिली जात. बढती मिळाली की वरच्या ‘टाइप’च्या घरासाठी अर्ज करता येई आणि सेवानिवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत घर रिकामे करून द्यावे लागे. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, त्यांत सरोजिनी नगरही होते. जुन्या घरांच्या ओळी पाडून तेथे बहुमजली इमारती उभारण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. घरे बदलली तरी त्या वसाहतीने मनावर बिंबवलेला नियम मात्र सहजासहजी बदलणारा नाही. तो असा, की घर हे पदाचे असते, माणसाचे नसते. आणि घरातल्या गृहिणीचा दर्जा हा त्या पदाचाही छायाभाग असतो.

विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ (१९८१) हे नाटक सरोजिनी नगरात घडत नाही. ते घडते तेथून काही किलोमीटरांवर असलेल्या नीती बागेतील एका लहानशा बंगल्यात. सरोजिनी नगर आणि नीती बाग यांच्यातील अंतर मैलांपेक्षा पायऱ्यांत मोजणे अधिक योग्य. एकीकडे सरकारने श्रेणीप्रमाणे नेमून दिलेले घर, तर दुसरीकडे कर्तबगारीने, ओळखीपाळखीने आणि धडाडीने गाठलेली वस्ती. पण ‘कमला’ वाचताना लक्षात येते की वरच्या पायरीवरही मूळ नियम तोच आहे. ज्या स्त्रीच्या असंतोषाभोवती हे नाटक अखेरीस फिरू लागते, ती सरिता जाधव ही या नियमाचीच निर्मिती आहे. तिच्या असंतोषाची चर्चा स्त्रीच्या आत्मभानाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. या असंतोषाला आकार देणारा तिचा वर्ग मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला, आणि त्यामुळे नाटकाच्या शेवटाचा अर्थही काहीसा निसटत गेला.

२

नाटकाची बीजघटना सर्वपरिचित आहे. १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी स्त्रियांच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार उघडकीस आणण्यासाठी एका स्त्रीला प्रत्यक्ष विकत घेतले आणि तो वृत्तांत प्रसिद्ध केला. तेंडुलकरांनी ही घटना घेतली, पण तिचा केंद्रबिंदू हलवला. त्यांचा जयसिंग जाधव हा मराठी तरुण दिल्लीत एका इंग्रजी वृत्तपत्रात नाव कमावत असलेला पत्रकार आहे. तो लोहारडगाच्या बाजारातून कमला नावाच्या आदिवासी स्त्रीला अडीचशे रुपयांत विकत घेतो, तिला घरी आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. वृत्तपत्रात जे घडले ते पत्रकाराच्या दृष्टीने घडले. नाटकात जे घडते ते पत्रकाराच्या घरात, त्याच्या बायकोच्या डोळ्यांसमोर घडते.

पहिल्या अंकाच्या आरंभीच सरिता फोन घेताना दिसते. कोणी फोन केला, काय निरोप दिला, हे तिने काटेकोरपणे टिपून ठेवायचे असते. ज्या काळात साध्या माणसाला टेलिफोन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे, त्या काळात घरातला हा सतत वाजणारा फोन म्हणजे प्रतिष्ठेची खूण होती. ती प्रतिष्ठा नवऱ्याची. तिची राखण बायकोची. सरिता फलटणच्या वाड्यात वाढलेली, शिकलेली मुलगी आहे. तिचे काका, काकासाहेब, हे जुन्या ध्येयवादी पिढीतले, मराठीत छोटे वृत्तपत्र चालवणारे गृहस्थ. वाड्यातील खानदानी घराणे, त्यातील ध्येयवादी पत्रकारिता आणि राजधानीतील इंग्रजी पत्रकारितेचा झगमगाट अशा तीन पायऱ्यांवर तिचे आयुष्य उभे आहे. या तिन्ही पायऱ्यांनी तिला काहीतरी देऊ केले, पण स्वतःचे उत्पन्न असे कोणीही दिले नाही. येथे तिच्या असंतोषाचे पहिले मूळ सापडते. शिक्षणाने तिला बरोबरीचे आश्वासन दिले होते. वर्गाने तिला सजलेल्या घराची व्यवस्थापिका केले.

असंतोष आणि दुःख यांत भेद केला पाहिजे. दुःख कोणालाही होते. असंतोषासाठी मात्र आधी काहीतरी मिळेल असे कोणीतरी सुचवलेले असावे लागते. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराचा उबग हा पुण्याच्या वसतिगृहात, बापाने पाठवलेल्या पैशावर वाढतो; खानदेशातील सांगवीच्या शेतावर राबणाऱ्याला तो परवडला नसता. हे त्या उबगाचे न्यूनत्व नव्हे, ते त्याचे वास्तव आहे. शेतीवर सुस्थित असलेल्या घराने मुलाला शिक्षणातून जे मिळेल असे मानले होते आणि जे मिळाले नाही, त्या फटीत पांडुरंग उभा आहे. सरिताही अशाच एका फटीत उभी आहे. फरक इतकाच की पांडुरंगाला परत जाण्यासाठी सांगवी आहे. सरिताला फलटण तसे राहिलेले नाही.

३

नाटकाचा मर्मबिंदू म्हणजे रात्रीचा, सरिता आणि कमला यांच्यातील संवाद. कमला विचारते की मालकाने तुम्हाला कितीला घेतले. सरिता क्षणभर गोंधळून आकडा सांगते, सातशे. कमलाला हा सौदा महाग वाटतो, विशेषतः मूलबाळ नसताना. पुढे ती आपल्या समजुतीप्रमाणे घरातल्या कामांची आणि मालकाची वाटणीही सुचवते. महिन्याचे निम्मे दिवस तुझे, निम्मे माझे. सरिता त्याला होकार देते.

या प्रसंगाचे सामान्यतः केले जाणारे विवेचन असे की, अडाणी कमलाच्या प्रश्नाने सुशिक्षित सरिताचे डोळे उघडतात. ते खरे आहे. पण अपुरे आहे. प्रश्न विचारणारी कमला स्वतः असंतुष्ट नाही, ही गोष्ट येथे अधिक महत्त्वाची. तिच्या लेखी खरेदी हा जगाचा व्यवहार आहे आणि त्या व्यवहारात आपली जागा पक्की करणे हे शहाणपण आहे. ती तक्रार करत नाही, वाटाघाट करते. तिच्या तोंडी जे वास्तवाचे साधे विधान आहे, ते सरिताच्या मनात पोहोचते तेव्हा अपमान होते. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ दोन वर्गांनी घडवले आहेत. कमलाला बरोबरीचे आश्वासन कोणी कधी दिले नव्हते, म्हणून तिच्याजवळ मोडलेल्या आश्वासनाची कडवट चवही नाही. सरिताजवळ ती आहे, आणि म्हणूनच ‘गुलाम’ हा शब्द तिला हाती लागतो.

हा शब्द घरात आधी आला होता, तोही थट्टेच्या रूपाने. जयसिंगचा मित्र जैन सरिताला हसत हसत वेठबिगार म्हणतो. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला होता आणि त्याविषयी लिहिणे हे धडाडीच्या पत्रकारितेचे एक लक्षण मानले जात होते. दिवाणखान्यात बसून मित्राच्या बायकोला असे म्हणता येते, कारण त्या वर्गात सत्य विनोद म्हणून बोलण्याची सोय असते. सरिताही तो विनोद म्हणून ऐकते. तेच सत्य तिला खरे वाटण्यासाठी अडीचशे रुपयांना विकली गेलेली बाई घरात यावी लागली.

४

येथेच ‘कमला’तील सर्वांत अवघड प्रश्न उपस्थित होतो. दुसऱ्या अंकात सरिता काकासाहेबांना सांगते की आपणही एक पत्रकार परिषद घेणार आहोत, आणि तीत गुलाम बाळगणारा माणूस म्हणून जयसिंगला जगापुढे उभे करणार आहोत. तो गुलाम म्हणजे त्याची लग्नाची बायको. ही कल्पना नाट्यदृष्ट्या प्रभावी आहे आणि प्रेक्षकाची सहानुभूती तिच्या बाजूने एकवटते. पण तिच्या रचनेकडे पाहिले तर दिसते की जयसिंगने जे केले त्याचीच ही नक्कल आहे. जयसिंगने कमलाचा पुरावा म्हणून वापर केला. फाटक्या, मळक्या वस्त्रांत तिला उभे करण्यासाठी त्याने तिला साधी स्वच्छ होण्याचीही संधी दिली नाही. सरिताही कमलाकडून आपल्या अवस्थेचा पुरावा घेते. ती या कल्पनेने पेटून उठते तेव्हा कमला घरात नाही. जयसिंगने तिला स्त्रियांना आश्रय देणाऱ्या संस्थेत पाठवून दिले आहे. सरिताने तिला ठेवून घेण्याचा आग्रह धरला होता हे खरे, आणि तो आग्रह झिडकारला गेल्यानंतरच तिचा कडेलोट झाला हेही खरे. पण त्यानंतर तिच्या बोलण्याचा विषय कमला उरत नाही, ती स्वतः उरते.

याला आणखी एक सूक्ष्म जोड आहे. त्या घरात काम करणारी मोलकरीण आहे आणि तिचे नाव कमलाबाई आहे. नाटककाराने हे नाव सहज दिले असेल असे मानणे कठीण. एका छपराखाली दोन कमला आहेत. एक विकत आणलेली, दुसरी पगारावर ठेवलेली. आपण गुलाम आहोत हे सरिताला उमगते. आपण मालकीणही आहोत हे तिला दिसत नाही. मध्यमवर्गीय असंतोषाची ही मर्यादा तेंडुलकर कोठेही उच्चारत नाहीत. ते केवळ एक नाव दुसऱ्यांदा वापरतात आणि पुढे जातात.

५

या संदर्भात मोहन राकेश यांच्या ‘आधे अधूरे’ (१९६९) या हिंदी नाटकातील सावित्रीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ओम शिवपुरी यांच्या दिग्दर्शनाखाली ते प्रथम दिल्लीत रंगमंचावर आले आणि तेंडुलकरांनी ते मराठीत आणले. सावित्री नोकरी करते. व्यवसायात अपयशी ठरलेला नवरा, बेकार मुलगा आणि मोडकळीला आलेले घर यांचा भार तिच्या पगारावर आहे. तिचे कुटुंब पायरीवरून खाली घसरलेले आहे. सरिताचे नुकते वर चढलेले. सावित्रीचा असंतोष बाहेरच्या पुरुषांकडे धावतो, पण ज्यांच्याकडे धावतो ते सारे पद, पगार किंवा प्रतिष्ठा असलेले आहेत. तिचा मुलगाच हे तिला सुनावतो. राकेशांनी हे सगळे पुरुष एकाच नटाकडून वठवून घेण्याची योजना केली. तिला माणसे बदलल्याचा भास होतो, पण तिच्या समोरची जागा तीच राहते. आणि अखेर ती त्याच घरात परतते.

सावित्रीच्या साहेबाचे नाव सिंघानिया. जयसिंगच्या वृत्तपत्राच्या मालकाचेही नाव सिंघानिया. हा योगायोग असो वा नसो, दोन्ही घरांच्या सुखदुःखाची किल्ली ज्याच्या खिशात आहे तो माणूस रंगमंचावर फार थोडा दिसतो, किंवा दिसतच नाही, हे साम्य अर्थपूर्ण आहे. दोन्ही स्त्रियांचा राग घरातल्या पुरुषावर निघतो, कारण तोच समोर असतो. कमावणाऱ्या सावित्रीलाही सुटका नाही आणि न कमावणाऱ्या सरितालाही नाही. तेव्हा आर्थिक स्वावलंबन आले की असंतोष मिटेल, हे सोपे उत्तर दोन्ही नाटके मिळून नाकारतात.

६

‘कमला’चा शेवट या प्रकाशात पाहिला पाहिजे. वरिष्ठ वर्तुळांतील दडपणामुळे मालक जयसिंगला नोकरीवरून काढून टाकतो. ज्याने माणूस विकत घेतला तोही पगारावर घेतलेला होता, हे एका क्षणात उघड होते. दारूच्या नशेत खचलेल्या जयसिंगला सरिता सावरते. आपले बंड ती पुढे ढकलते, मात्र ते सोडून देत नाही. एक दिवस असा येईल की आपण गुलाम राहणार नाही, त्याची जी किंमत असेल ती आपण देऊ, या आशयाचे बोलून ती थांबते.

इब्सेनच्या नोराशी (१८७९) तुलना करून हा शेवट तडजोडीचा ठरवला जातो. नोरा दार लावून निघून जाते. सरिता दारातच थांबते. परंतु नोरा जाते तेव्हा तिचा नवरा बँकेतील मोठ्या पदावर सुरक्षित आहे. ज्या सत्तेविरुद्ध ती बंड करते ती सत्ता शाबूत आहे. सरितापुढचा पुरुष त्याच संध्याकाळी कोसळला आहे. ज्याला जाब विचारायचा तोच निराधार झाल्यावर जाब विचारण्याची भाषाही निराधार होते. तिचे थांबणे ही करुणा आहे आणि संस्कारही आहे. शिवाय त्यात अस्पष्ट असे एक नवे ज्ञानही आहे. जयसिंग हा साखळीतील शेवटचा दुवा नाही, हे तिला प्रथमच दिसले आहे. ते ज्ञान तिला अडीचशे रुपयांच्या कमलापर्यंत आणि पगारावरच्या कमलाबाईपर्यंत नेईल का, हा प्रश्न नाटक उघडा ठेवते. त्याचे उत्तर तिच्या सद्भावनेपेक्षा तिच्या वर्गावर अधिक अवलंबून आहे, याची मात्र शंका राहत नाही.

सरोजिनी नगरसारख्या वसाहतीत आयुष्य काढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. निवृत्तीचा दिवस जवळ आला की घरातले प्रत्येक कपाट कोणाचे आहे हे नव्याने कळते. नीती बागेच्या बंगल्यात ते एका रात्रीत कळले, एवढाच फरक. सरिताच्या असंतोषाचे मोल तिच्या बंडाच्या यशापयशात शोधण्याऐवजी या कळण्यात शोधले, तर ‘कमला’ हे एका विवाहाचे नाटक उरत नाही. कोण कोणाच्या घरात कोणाच्या मर्जीने राहतो, हे विचारणारे ते नाटक ठरते. आणि हा प्रश्न विचारणाऱ्यानेही आपल्या घरात पाणी कोण भरते याकडे एकदा पाहावे, एवढी अपेक्षा ते बाळगते.