कपिंजल आणि तित्तिरि

संस्कृत ग्रंथांच्या मराठी भाषांतरांत 'कपिंजल' हा शब्द आला कीं त्यापुढें 'तितर' असें लिहून मोकळें होण्याचा प्रघात पडला आहे. आणि 'तित्तिरि' आला म्हणजे तेथेंही तितरच. वामन शिवराम आपटे यांनीं १८९० च्या आपल्या कोशांत कपिंजलाचे चातक व तित्तिरि असे दोन अर्थ दिले. त्यांतील दुसरा भाषांतरकारांस सोयीचा वाटला. आमच्या मतें हे दोन पक्षी निराळे आहेत, व ते एक मानल्यानें पोथीचा अर्थ बिघडतो.

वाजसनेयि संहितेच्या चोविसाव्या अध्यायांत ऋतूंस पक्षी नेमून दिले आहेत. तेथें वसंतास कपिंजल आहे, वर्षाऋतूस तित्तिरि. याहून बळकट पुरावा शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडांत आहे. इंद्रानें विश्वरूपाचीं तीन मस्तकें तोडलीं. सोम पिणाऱ्या मस्तकापासून कपिंजल, सुरा पिणाऱ्यापासून कलविंक व अन्न खाणाऱ्यापासून तित्तिरि उत्पन्न झाला. कपिंजल सोमासारखा पिंगट. तित्तिरि मात्र पंखांवर तुपाचे व मधाचे थेंब गळावे तसा चित्रविचित्र, असें ब्राह्मणकार सांगतो. कथा बाजूस ठेविली तरी सांगणारानें दोन्ही पक्षी डोळ्यांनीं पाहिले होते, यांत आम्हांस संशय वाटत नाहीं.

आतां रानाकडे वळूं. सोलापूरकडील माळांवर व बाभळींच्या झुडुपांत आढळणारा तितर करडा-पिंगट असून त्याच्या अंगावर बारीक आडव्या रेघा असतात, थेंब नसतात. हा कपिंजलाशीं जुळतो. थेंबांचा पक्षी म्हणजे उत्तरेंतील काळा तितर. तो दक्षिणेंत नाहीं. त्याचे जागीं दख्खनच्या गवताळ रानांत पांढऱ्या ठिपक्यांचा रंगीत तितर आहे, आणि जर्डननें १८६४ सालीं त्याचें मराठी नांव 'काळा तितर' असेंच नोंदलें. याची वीण पावसाळ्यांत होते, हेंही संहितेंतील नेमणुकीशीं जुळतें. मराठींत 'तितर' हें नांव नेहमींच्या करड्या पक्ष्यास चिकटलें व कपिंजल बोलींतून गेला. घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

कांहीं टीकाकार कपिंजलास 'गौर तित्तिरि' म्हणतात, हा आक्षेप कोणी घेईल. पण त्यांतलें 'गौर' हें विशेषणच महत्त्वाचें, आणि भाषांतरांत नेमकें तेंच गळतें. वैद्यकाच्या पोथ्यांत यानें हानि होते. चरकानें सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत कपिंजल लावादि गणांत व तित्तिरि वर्तकादि गणांत घातला असून दोहोंच्या मांसाचे गुणही वेगळे सांगितले आहेत. दोन्हीकडे 'तितर' लिहिल्यास एकाच मांसाचे दोन गुण वाचकाच्या पदरीं पडतात.

चातक हा अर्थ तर वैदिक स्थळीं मुळींच लागू होत नाहीं. चातक पावसाचा, कपिंजल वसंताचा. पंचतंत्राच्या कांहीं पाठांत ससा व मांजर यांच्या गोष्टींतील कपिंजल हा 'चटक' म्हटला आहे. चटकाचा चातक होण्यास लेखकाच्या लेखणीला फारसें अंतर नाहीं. मात्र हा आमचा केवळ तर्क समजावा.

सोलापुरांत १९३२ सालीं जन्मलेले व २०२५ सालीं तेथेंच निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनीं पक्ष्यांचीं नांवें वनवासी लोकांच्या तोंडून गोळा केलीं आणि हंसदेवाचें मृगपक्षिशास्त्रही मराठींत आणिलें. पोथी आणि रान असें दोन्ही पाहणारा संपादक विरळा. मीमांसकांनीं अकराव्या अध्यायांत 'कपिंजलान्' या बहुवचनानें किती पक्षी घ्यावे याचा खल करून तीनांवर निर्णय दिला. पक्षी कोणता, हें त्यांस विचारण्याचें कारण नव्हतें. आम्हांस आहे.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंति कीं, पोथीच्या समासांत कपिंजलापुढें एखादें देशी नांव लिहिलेलें आढळल्यास तें चुकीचें समजून सुधारूं नये. जसेंच्या तसें, पोथीच्या स्थळासह, उतरून ठेवावें.