हिब्रूचा दाखला आणि दौंडची आगगाडी

मराठीची चिंता करणारा लेख असो वा भाषण, शेवटाकडे हिब्रूचा दाखला येतोच. ज्यूंनी मेलेली भाषा जिद्दीने उठवली, मग आपल्याला जिवंत मराठी का सांभाळता येऊ नये? मला हा दाखला अर्धवट वाटतो. त्यात जिद्द असते. गरज आणि किंमत गाळलेली असते.

एलिएझेर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आला. मुलाशी फक्त हिब्रूत बोलायचं, हा त्याचा नेम. त्याने नवे शब्द घडवले, शब्दकोश रचला. पण हिब्रू तेव्हा पूर्ण मेलेली नव्हती; प्रार्थनेत, ग्रंथांत, पत्रव्यवहारात ती चालूच होती. शिवाय यिद्दिश, लादिनो, अरबी बोलणारे ज्यू एका गावात राहू लागले की त्यांना समाईक भाषा लागणारच होती. तरीही टोमॅटोसाठी त्याने सुचवलेला ‘बदुरा’ लोकांनी घेतला नाही. ‘अगवानिया’ हा दुसराच शब्द रुळला.

आपल्याकडेही शब्दांचा निकाल असाच लागतो. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ चा. ‘आगगाडी’ आणि ‘फलाट’ हे शब्द कुठल्या समितीने दिलेले नाहीत. सावरकरांचा ‘महापौर’ मात्र टिकला, कारण त्याला महापालिकेत रोजचं काम मिळालं. रांजणगावच्या एमआयडीसीत मी सॉफ्टवेअर बसवायला जातो. पडद्यावर ‘जतन करा’ असतं आणि शिरूरहून येणारा ऑपरेटर शेजारच्याला सांगतो, ‘सेव्ह मार’. यात हसण्यासारखं काही नाही. यंत्र त्याला मराठीतून कुणी शिकवलंच नाही, तर शब्द कुठून येणार?

म्हणून मला शब्दकोशापेक्षा १९१३ चं हैफा महत्त्वाचं वाटतं. तिथल्या नव्या तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आजच्या टेक्निऑनमध्ये, विज्ञान जर्मनमधून शिकवायचं ठरलं. शिक्षक आणि विद्यार्थी संपावर गेले. १९१४ मध्ये निर्णय फिरला आणि १९२४ मध्ये वर्ग भरले ते हिब्रूतून. आपल्याकडे एआयसीटीईने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीची वाट मोकळी केली. पण मुलाखत, ईमेल, बढती सगळं इंग्रजीत असताना त्या वाटेने जायचं कुणी? हिब्रूतून शिकलेल्या इंजिनिअरसाठी हिब्रूत चालणारा समाज समोर उभा राहत होता. आपण वर्ग मराठी करतो आणि कारखान्याचं दार इंग्रजीच ठेवतो. मग धोका पत्करतो तो फक्त विद्यार्थी.

आता किंमत. हिब्रूच्या कैवाऱ्यांनी यिद्दिशला उघड विरोध केला. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींनी तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवलं, तरी पुढच्या पिढ्यांची बोली हिब्रू झाली. म्हणजे ज्या विजयाचा आपण दाखला देतो, त्यात मराठीही हरलेली आहे.

हे लांबचं वाटत असेल तर शिरूर-दौंडच्या शाळेत आलेलं पारधी मूल बघा. घरी त्याची बोली वेगळी, वर्गात मराठी. त्याच्यासाठी मराठी हीच सत्तेची भाषा आहे. हिब्रूकडून काही शिकायचंच असेल, तर भाषेला काम द्यायला शिकू या. शेजारच्या बोलीला गप्प करायला नको.