'जेफ्ते'मधलं रडू कशावरून?

'हे संगीत करुण आहे' एवढंच लिहिलंत तर गाईड विचारणारच, कशावरून? जाकोमो कारिस्सिमीचं 'जेफ्ते' ऐका. रोममधलं, १६४८ च्या आसपासचं, लॅटिन बायबलकथेवरचं. रचना थोडी आपल्या कीर्तनातल्या आख्यानासारखी, निवेदन, पात्रं आणि कोरस.

बापाचा नवस असतो : युद्ध जिंकलो तर घरातून पहिलं जे सामोरं येईल त्याचा बळी देईन. येते एकुलती एक लेक, नाचत-गात. तिची चाल हलकी, उड्या मारणारी. बाप बोलू लागतो आणि रंगच पालटतो. किर्शरने १६५० च्या ग्रंथात याच भावपालटाचं कौतुक केलंय.

पण खरी जागा शेवटच्या कोरसात. सहा आवाज. त्यातला एक आपला सूर धरून ठेवतो, बाकीचे पुढे सरकतात, सूर एकमेकांना घासतात, मग तो हळूच खाली उतरतो. लगेच दुसरा आवाज तेच करतो. तुमचा पुरावा हा! देवगाव फाट्यावर एसटीच्या हॉर्नमध्येही मला ते घासणं ऐकू आलं.

माझी तक्रार एकच. कोरस भरपूर रडवतो, पण बापाला जाब कुणी विचारत नाही. लेकही नाही, ती फक्त दोन महिन्यांची मुदत मागते.

आणि हो, कारिस्सिमीचं संगीत गोव्यात सात गायकवृंदांनी गायल्याची एका इटालियन कार्मेलाइट साधूची १६६३ च्या सुमाराची नोंद आहे. तिच्यात 'जेफ्ते'चं नाव नाही. तेव्हा 'जेफ्ते गोव्यात गाजलं' असं प्रबंधात ठोकून देऊ नका.